हौशी लघुपटासाठी बेताच्या खर्चात व्हिडिओ कॅमेरा: कुठला आणि का?

काजवा

नमस्कार मंडळी. पंधरा-एक मिनिटांचा लघुपट करायचा घाट घातलाय. संहिता तयार आहे, काम करणारे ओळखीतलेच आहेत. दोन पात्रं, एकच खोली, रात्रीचा प्रसंग; शेवटी पहाटे बाहेर चालत जाण्याचं एक लांबलचक दृश्य. आतापर्यंत जे काही केलं ते फोनवर. दिवसाउजेडी फोन छान काम देतो. पण रात्रीच्या प्रसंगाची चाचणी घेतली तेव्हा पात्र दिव्याजवळून गेलं की अख्खी फ्रेम आपोआप उजळत-मंदावत होती, आणि अंधाऱ्या बाजूच्या गालावर मुंग्या चालल्यासारखे ठिपके वळवळत होते.

पैसे मोजकेच आहेत, त्यामुळे जुना कॅमेराही चालेल. डोक्यात असलेली नावं: सोनी झेडव्ही-ई१०, कॅनन एम५०, पॅनासॉनिक जी८५, नाहीतर सरळ एखादा कॅमकॉर्डर. आणि मनातून खरं सांगायचं तर ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के. फुलफ्रेम (३५ मिमी फोटो-फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर) असल्याशिवाय 'सिनेमासारखं' दिसत नाही असं बऱ्याच जणांनी ऐकवलं. ते कितपत खरं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

तिपाई

नावं जरा बाजूला ठेवू या, कारण निम्मं उत्तर तुमच्या संहितेतच आहे. रात्र, खोली, दोन माणसं बोलतायत. म्हणजे कमी उजेड आणि संवाद. पळापळ नाही, स्लो मोशन नाही, पक्षी टिपायचे नाहीत. त्यामुळे जाहिरातीतल्या निम्म्या सोयींचे पैसे तुम्ही मोजायचं कारणच नाही.

फुलफ्रेमची धास्ती आधी काढून टाका. सिनेमाच्या कॅमेऱ्यात ३५ मिमी फिल्म उभी धावते, म्हणून तिची चौकट फोटोच्या ३५ मिमी चौकटीपेक्षा लहान असते. सुपर ३५ या सिनेमाच्या फिल्म-मापाची चौकट साधारण २५ बाय १९ मिमी. झेडव्ही-ई१०चा एपीएस-सी मापाचा सेन्सर (चित्र टिपणारी चकती) २३.५ बाय १५.६ मिमीचा, म्हणजे रुंदीला जवळपास तेवढाच. फुलफ्रेम ३६ बाय २४. आपण ज्याला 'सिनेमासारखं' म्हणतो ते कित्येक दशकं या लहान चौकटीवरच चित्रित झालेलं आहे. जी८५चा मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर १७.३ बाय १३ मिमीचा, आणखी लहान, पण खोलीतल्या दोन माणसांना तोही पुरतो.

आता ठिपके. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स झूम केली की एफ ५.६वर जाते (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत). साधी ५० मिमी एफ १.८ लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. दहापट! हा फरक बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, बदलून मिळत नाही. म्हणून माझं सांगणं असं की एकूण रकमेतली निम्म्याहून जास्त बॉडीवर घालवू नका. उरलेल्यात एक उजेडी प्राइम (झूम नसलेली) लेन्स, माइक, ट्रायपॉड आणि निदान एक बरा दिवा यायला हवा. यातलं काही बसत नसेल तर बॉडी एक पिढी जुनी घ्या.

आणि फ्रेम आपोआप उजळते-मंदावते तो दोष फोनचा नाही, ऑटोचा आहे. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप टाका. त्यात शटर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), फोकस सगळं बांधून ठेवता येतं. कॅमेरा येईपर्यंत तालमी त्यावरच करा. नवा कॅमेरा ऑटोवर ठेवलात तर तोही हेच करणार आहे.

मुक्तछंद

मी सोनी झेडव्ही-ई१० वापरतो, म्हणून त्याबद्दल. एकट्याने काम करणाऱ्याला त्याचा ऑटोफोकस म्हणजे मोठा आधार. पात्राच्या डोळ्याला धरतो आणि सोडत नाही. सेकंदाला २४ आणि २५ फ्रेमला ४के पूर्ण रुंदीचं मिळतं, ३० फ्रेमला मात्र कडा कापल्या जातात. माइक आणि हेडफोन दोन्हींची जागा आहे, जी या टप्प्यातल्या कॅमेऱ्यांत सहसा नसते. त्याच्या ई-माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बसवायची खाच) लेन्सा इतर कंपन्याही भरपूर बनवतात, जुन्या बाजारातही मिळतात.

कॅनन एम५० आता घेऊ नका. १०८०पीमध्ये तो गोड चित्र देतो, पण ४केला कडा प्रचंड कापतो आणि कॅननचा चपळ ड्युअल पिक्सल ऑटोफोकसही तिथे बंद होतो. शिवाय ईएफ-एम माउंट कॅननने मागे टाकलंय, म्हणजे आज घेतलेल्या लेन्सा पुढच्या बॉडीला लागणार नाहीत. लेन्स हीच तर बॉडी बदलल्यावर आपल्याकडे राहणारी गोष्ट.

तिपाई

एम५०बद्दल सहमत. झेडव्ही-ई१०च्या दोन बाबी काजवांना कळायला हव्यात. त्यात सेन्सर स्थिरीकरण, म्हणजे हात हलला तरी सेन्सर हलवून चित्र स्थिर ठेवण्याची सोय, नाही. 'ॲक्टिव्ह' नावाचं आहे ते इलेक्ट्रॉनिक, त्यात चौकट कापली जाते. दुसरं, ४केमध्ये रोलिंग शटर जाणवतं. सेन्सर वरून खाली ओळ-ओळ वाचला जातो, आणि वाचायला वेळ लागला की कॅमेरा झपकन वळवताना दाराची चौकट तिरकी होते. ट्रायपॉडवर काही त्रास नाही. पण यांचं शेवटचं दृश्य चालत चालत आहे. स्थिरीकरण नसलेली बॉडी हातात धरून चालताना हे दोन्ही दोष एकदम दिसतील.

जी८५मध्ये पाच अक्षांचं सेन्सर स्थिरीकरण आहे. जुनी मॅन्युअल लेन्स लावली तरी ते चालतं, फक्त तिची फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) मेनूत भरावी लागते.

मुक्तछंद

चालतं, पण जी८५चा ऑटोफोकस व्हिडिओत आत-बाहेर डुचमळतो. पॅनासॉनिकने फेज डिटेक्ट (न डुचमळता नेमका फोकस धरणारी पद्धत) आणलं तेच २०२३मध्ये, एस५ मार्क २पासून. जी८५ घ्यायचा तर फोकस हाताने करायची तयारी हवी, हे आधीच सांगायला हवं.

जुनी_फीत

फोकस हाताने करणं ही शिकायचीच गोष्ट आहे, विशेषतः कथापटात. पात्र कुठून कुठे जाणार हे आधी ठरलेलं असतं. जमिनीवर टेपच्या खुणा करायच्या, लेन्सच्या रिंगवर पेन्सिलीने दोन रेघा, आणि पात्र खुणेवर आलं की रेघ जुळवायची. कुणाचा चेहरा स्पष्ट दिसावा हे प्रसंग ठरवतो. ऑटोफोकसला बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे कळत नाही, आणि कित्येकदा ऐकणाऱ्याचाच चेहरा महत्त्वाचा असतो.

मी मिनीडीव्ही कॅसेटच्या काळातला माणूस. २००२मध्ये पॅनासॉनिकचा डीव्हीएक्स१०० आला आणि हौशी माणसाच्या हातात सिनेमासारखं सेकंदाला २४ पूर्ण फ्रेमचं (प्रोग्रेसिव्ह) चित्र आलं, तेव्हा आम्हाला आभाळ ठेंगणं झालं होतं. सेन्सर होते एक तृतीयांश इंची! २००८मध्ये कॅननचा ५डी मार्क २ आला तेव्हापासून सगळ्यांना धूसर पार्श्वभूमीचं वेड लागलं. ते सुंदर दिसतं, नाही म्हणत नाही. पण तुमच्या खोलीत तिसरं पात्र ती खोलीच असेल, तर तिला धूसर करून काय मिळवणार? एफ ४वर दोघंही फोकसमध्ये राहतील आणि मागच्या भिंतीवर काय टांगलंय तेही कळेल.

लेन्सबद्दल एक वाट सुचवतो. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर फार कमी असतं: ई-माउंटचं १८ मिमी, मायक्रो फोर थर्ड्सचं १९.२५. जुन्या एम४२ स्क्रू माउंटच्या लेन्सा ४५ मिमीहून जास्त अंतरासाठी बनलेल्या. मधली जागा भरायला एक पोकळ कडं पुरतं, त्यात काच नसते. हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ २, ही एक लेन्स नुसती हातात घेऊन बघा. फोकसची रिंग लांब फिरते, थांबवाल तिथे थांबते. आजच्या किट लेन्सच्या रिंगला तारेने जोडलेली मोटर असते. ती हळू फिरवली तर एक अंतर, भरभर फिरवली तर दुसरं. पेन्सिलीची रेघ तिच्यावर निरुपयोगी. मात्र मायक्रो फोर थर्ड्सच्या लहान सेन्सरवर ५८ मिमी ही फुलफ्रेमवरच्या ११६सारखी दिसेल. क्लोजअपला उत्तम, खोलीसाठी १४ किंवा १५ मिमीची वेगळी लेन्स लागेलच.

ऐकतेय

इतके प्रतिसाद झाले आणि आवाजाला फक्त 'माइक' हा एक शब्द मिळाला, म्हणून लिहितेय. दोन माणसं रात्री खोलीत बोलतायत हा तुमचा चित्रपट आहे. त्यात आवाज निम्म्याहून जास्त आहे.

कॅमेऱ्यावर बसवलेला माइक कितीही चांगला असला तरी तो कॅमेऱ्याजवळ असतो, बोलणाऱ्याजवळ नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलने उतरते. बंद खोलीत त्याहून वाईट, कारण भिंतींवरून येणारा घुमारा तेवढाच राहतो आणि शब्द मात्र लांब जातो. म्हणून महागडा माइक कॅमेऱ्यावर लावण्यापेक्षा साधा माइक काठीला बांधून फ्रेमच्या जरा वर, पात्राच्या छातीच्या दिशेने रोखून धरा. काठी धरायला एक धीराचा मित्र लागेल. त्याला श्रेयनामावलीत मानाची जागा द्या, तो ती कमावतो.

बॉडी निवडताना पहिलं पाहायचं ते ३.५ मिमीचं माइकचं भोक. दुसरं, हेडफोनचं. जी८५ला हेडफोन जॅक नाही, म्हणजे आत काय रेकॉर्ड होतंय ते शूटिंग चालू असताना ऐकता येणार नाही. माझा सल्ला: छोटा वेगळा रेकॉर्डर घ्या, हेडफोन त्याला लावा. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालूच ठेवा, तो फक्त जुळवणीसाठी. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला फ्रेममध्ये टाळी वाजवा. संकलनात दोन्ही रेकॉर्डिंगच्या आवाजाच्या लाटांची टोकं एकावर एक ठेवली की झालं. ४८ किलोहर्ट्झ ठेवा, बोलण्याची टोकं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास येऊ द्या. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर मिळाला तर ओरडण्याच्या वाक्याला फाइलमध्ये आवाज फाटण्याची चिंता मिटते.

खोलीत गेल्यावर आधी मिनिटभर सगळ्यांनी गप्प बसा आणि हेडफोनवर ऐका. पंखा, ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्या खोलीतला फ्रिज. कान या आवाजांना सरावलेला असतो, माइक नसतो. फ्रिज बंद करणार असाल तर घरच्या किल्ल्या फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे तो चालू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. आणि निघण्याआधी रिकाम्या खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. संवाद कापताना मध्ये पडणाऱ्या भोकांना ठिगळ लावायला तोच लागतो. दुसऱ्या खोलीचा चालत नाही.

कातरवेळ

ऐकतेय यांच्या शब्दाशब्दाला अनुमोदन. संकलनाच्या टेबलावर बसणारी म्हणून सांगते: खराब उजेड थोडा तरी सावरता येतो, घुमणारा संवाद नाही.

मी वेगळ्या अंगाने विचारते. तुमचा संगणक कसला आहे? आज सगळे १०-बिट, ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारी नोंद) म्हणतात. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १०-बिटमध्ये १०२४. मागची भिंत हळूहळू अंधारात जाते तिथे ८-बिटला पट्टे दिसू शकतात, हे खरं. पण एच.२६५ या दाट दाबलेल्या फाइलमधलं १०-बिट ४:२:२ चालवताना साधारण संगणक धापा टाकतो. मग प्रॉक्सी (संकलनापुरत्या हलक्या प्रती) बनवा, त्यात वेळ जातो. जी८५ आणि झेडव्ही-ई१० दोन्ही ८-बिट आहेत. त्यात काही कमीपणा नाही, फक्त शूटिंगच्या वेळी उजेड आणि व्हाइट बॅलन्स नीट ठेवावा लागतो. ८-बिटवर लॉग प्रोफाइल (नंतर रंग चढवायला मुद्दाम फिकं चित्र) वापरू नका, विशेषतः रात्रीच्या प्रसंगाला. लॉगमध्ये आधीच मोजक्या असलेल्या पायऱ्या आणखी विरळ होतात आणि रंग ताणले की चेहरा डागाळतो. साधं प्रोफाइल, कॉन्ट्रास्ट थोडा कमी, एवढं पुरे. खरंच १०-बिट हवं असेल तर जुना जीएच५ शोधा. २०१७चा आहे, पण आत कार्डावरच १०-बिट ४:२:२ लिहितो, हेडफोन जॅक आहे, पूर्ण आकाराचं एचडीएमआय आहे, दोन कार्डं बसतात.

उंबरठा

कॅमकॉर्डरबद्दल कुणी बोललं नाही. नाटकं, व्याख्यानं, लांब मुलाखती करायच्या असतील तर तोच घ्यावा. तासन्‌तास चालतो, गरम होत नाही, झूम एकसंध होतो. मिररलेसमध्ये रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबण्याची जी मर्यादा असायची, ती बऱ्याच अंशी युरोपच्या आयात शुल्कामुळे. तीस मिनिटं रेकॉर्ड करणारं यंत्र तिथे व्हिडिओ कॅमेरा ठरायचं आणि त्यावर जास्त शुल्क लागायचं. तुमच्या कथापटात एक टेक चार-पाच मिनिटांचा, म्हणजे तुम्हाला त्याने काही फरक पडत नाही. आणि स्वस्त कॅमकॉर्डरचा सेन्सर फार लहान असल्याने रात्रीच्या प्रसंगात तुम्ही फोनवर होतात तिथेच परत याल.

काजवा

सर्वांचे मनापासून आभार. इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. पहाटेच्या दृश्यासाठी स्थिरीकरण हवंच, हे तिपाईंनी बरोबर हेरलं. तरी शेवटचं विचारतो. ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के जुन्यात मिळतोय, आणि त्याची चित्रं पाहिली की दुसरं काही आवडत नाही. सगळी जमापुंजी त्यातच घातली तर?

उंबरठा

मी त्यावर काम केलंय आणि त्या कॅमेऱ्यावर माझं प्रेम आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. रॉ (सेन्सरची जवळपास कच्ची माहिती असलेलं) चित्र, उजेड-अंधाराचा १३ स्टॉपचा आवाका (प्रत्येक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), ४०० आणि ३२०० असे दोन मूळ आयएसओ, व्यावसायिक माइकसाठी मिनी एक्सएलआर, आणि नव्याबरोबर रिझॉल्व्ह स्टुडिओ या संकलनाच्या सॉफ्टवेअरचा परवाना. चेहऱ्याचा रंग तर विचारू नका.

पण एलपी-ई६ बॅटरी तासाभरातच संपते. म्हणजे बाहेरून वीज द्यायची सोय हवी. सेन्सर स्थिरीकरण नाही, म्हणजे चालण्यासाठी गिंबल (मोटरवर चित्र स्थिर ठेवणारा दांडा) किंवा खांद्यावरची रिग हवी. सलग ऑटोफोकस नाही. मागचा पडदा पाच इंची, पण हलत नाही, त्यामुळे कॅमेरा डोक्याच्या वर किंवा जमिनीलगत असला की दिसेनासा होतो. रॉ फाइली भरायला एसएसडी, ती बसवायला कॅमेऱ्याभोवती धातूचा पिंजरा. शूटिंग संपेपर्यंत लेन्स आणि माइकला पैसे उरत नाहीत. मदतीला दोन माणसं आणि सामानाची व्यवस्था असेल तर जरूर घ्या. पहिल्या लघुपटाला, एकट्याने, सगळी पुंजी लावून नको. भाड्याने मिळाला तर मात्र दोन दिवस आणून त्या खोलीत एक प्रसंग करून बघा.

तिपाई

जुना कॅमेरा घेणार आहात तर प्रत्यक्ष भेटून, स्वतःचं कार्ड नेऊन घ्या. फोटोंवर विश्वास टाकू नका.

लेन्सचं झाकण लावून, आयएसओ १६००ला मिनिटभर रेकॉर्ड करा आणि घरी नाही, तिथेच मोठं करून पाहा. काळ्या पडद्यावर एकाच जागी टिकून राहणारे पांढरे-लाल ठिपके म्हणजे हॉट पिक्सल. एखाद-दुसरा असतोच, पिक्सल रिफ्रेश केल्यावर बहुतेकदा जातोही. झुंबड असेल तर परत द्या. मग एफ १६ला, फोकस बिघडवून, पांढऱ्या भिंतीचं चित्र घ्या. करडे डाग दिसले तर ती धूळ. ती पुसता येते. ओरखडा पुसता येत नाही.

त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं. माइक लावा, रेकॉर्ड चालू ठेवा आणि जॅकमध्ये पिन हळूच गोल फिरवा. नंतर ऐका. खरखर आली की जॅक सैल झालाय. व्हिडिओसाठी वापरलेल्या कॅमेऱ्याचा हाच भाग आधी जातो, आणि पाठोपाठ मायक्रो एचडीएमआय. शटरचा आकडा (शटर आजवर किती वेळा उघडलं) विचारण्यात लोक वेळ घालवतात. व्हिडिओ चालू असताना मेकॅनिकल शटर प्रत्येक फ्रेमला उघड-मीट करत नाही, त्यामुळे त्या आकड्यावरून कॅमेरा व्हिडिओसाठी किती राबलाय हे कळतच नाही. त्यापेक्षा पडद्याची बिजागरी पूर्ण फिरवून बघा, मध्ये कुठे चित्र लुकलुकतंय का. लेन्स हातात धरून माउंटवर किंचित हलवा, खेळ जाणवता कामा नये. आणि शेवटी ४केमध्ये निदान वीस मिनिटं सलग चालवा. तोवर विकणाऱ्याशी गप्पा मारा, कॅमेरा कशासाठी वापरला ते आपोआप कळतं.

काजवा

ठरलं. जुना जी८५, १५ मिमी एफ १.७ लेन्स, छोटा रेकॉर्डर, काठी आणि एक एलईडी दिवा. कॅमेऱ्याची सगळी तपासणी तिपाईंनी सांगितली तशीच करणार. जुनी_फीत, हेलिओस सापडली तर क्लोजअप तिच्यावरच.

दोन बारीक शंका. कार्ड कुठलं घेऊ? आणि २४ फ्रेम ठेवू की २५?

कातरवेळ

कार्ड व्ही३० पुरे. त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. जी८५चं ४के सेकंदाला १०० मेगाबिटचं, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. तासाला ४५ जीबी. एकच भलंमोठं कार्ड घेण्यापेक्षा ६४ जीबीची दोन घ्या, आणि रोजचं काम रोज दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड पुसू नका. दिवा घेताना सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १००पैकी आकडा) ९५च्या वरचा बघा. स्वस्त दिव्याने त्वचा हिरवट दिसते आणि ते काढता काढता माझ्यासारख्यांची रात्र जाते. तो थेट चेहऱ्यावर मारू नका, पांढऱ्या पडद्यातून किंवा भिंतीवरून आपटून येऊ द्या.

जुनी_फीत

फ्रेमचं उत्तर तुमच्या विजेच्या तारेत आहे. ५० हर्ट्झ असेल तर मेन्सवरचे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा धडधडतात. शटर १/५० ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन धडका येतात आणि लुकलुक दिसत नाही. मग २४ असो की २५, दोन्ही चालतं. मी २५ ठेवीन, कारण १/५० सेकंद हे एका फ्रेमच्या वेळेच्या, १/२५ सेकंदाच्या, बरोबर निम्मं आहे. ६० हर्ट्झच्या भागात १/६० ठेवा. पहाटेच्या दृश्यात उजेड वाढत जाईल तेव्हा शटरला हात लावू नका, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावा. व्हेरिएबल (फिरवून गडद-फिका होणारा) एनडी घेतलात तर तो शेवटच्या खुणेपर्यंत फिरवू नका, आकाशावर काळी फुली उमटते. आणि कॅमेरा विकत घेताना मेनू उघडून २५ दिसतोय ना हे बघून घ्या. पॅनासॉनिकच्या काही बॉडी विक्रीच्या प्रदेशानुसार २५ किंवा ३०लाच बांधलेल्या असतात, नंतर बदलता येत नाहीत.